लस गढूळच हवी

संपादकांची अट विचित्र होती. शरीरातला दाह, जन्मजात प्रतिकारशक्ती आणि नॅनोकण यांवर लेख हवा, पण तो मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत बसून लिहिलेला नको. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, परळच्या प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेच्या देखरेखीखालचं. तिथल्या मंडळींनी डहाणू तालुक्यातल्या सर्पदंशावर केलेलं काम मी वाचलं होतं. विंचूदंशावरच्या उपचारासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्करही त्यातल्या एका अभ्यासाचे सहलेखक आहेत. दाहाचा धागा पकडून सापावरच लिहावं असं ठरवून मी निघाले, आणि तलासरीच्या बाजूला एका आरोग्य केंद्रातल्या फ्रीजपाशी अडकले.

फ्रीज म्हणजे आयएलआर. वरून झाकण उघडणारी पांढरी पेटी, भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहावं, अशी तिची रचना. झाकण वर असल्यानं उघडलं तरी गार हवा सांडत नाही. शेजारच्या भिंतीवर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, एकाच वळणाच्या अक्षरातल्या. हे अक्षर सिस्टरांचं. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून इथेही सिस्टरच.

मी नॅनोकण हा शब्द उच्चारल्यावर त्यांनी टोपलीतून पेंटाव्हॅलंट लशीची बाटली काढली आणि उजेडाला धरली. "गढूळ दिसतंय? गढूळच हवी."

ते गढूळपण अॅल्युमिनियमच्या क्षाराचं. मूळ कण नॅनोमीटरांत मोजण्याइतके बारीक, पण एकमेकांना बिलगून त्यांचे सैल पुंजके होतात आणि घटसर्प, धनुर्वाताची निष्प्रभ केलेली विषं त्यांना चिकटून बसतात. त्यांचा पूर्वज आपल्या ओळखीचा आहे: तुरटी. १९२६ मध्ये लंडनजवळ अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीत तुरटी घातली आणि गिनीपिगांमध्ये प्रतिपिंडं कितीतरी जास्त तयार झाली. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा माती तळाशी बसते. ग्लेनींच्या बाटलीतही विषाचा साका धरला. लस एका जागी साठून हळूहळू झिरपते, म्हणून गुण येतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे उंदरांमध्ये तो साठा काही तासांत कापून काढला तरी प्रतिकारशक्ती तयार झालीच. म्हणजे स्पष्टीकरण अपुरं होतं, पण तोवर लस जगभर टोचून झाली होती.

१९८९ मध्ये येलच्या चार्ल्स जेनवेंनी हे उघड बोलून टाकलं. नुसतं परकं प्रथिन टोचलं तर शरीर ढिम्म बसतं. त्यात तुरटीसारखं काही मिसळावं लागतं, आणि का, ते आम्ही सांगत नाही. हे आमच्या शास्त्राचं लपवलेलं बिंग आहे, असा त्यांचा सूर. त्यांचा तर्क असा की आधी जन्मजात पहारेकऱ्यांनी धोका ओळखून दाह पेटवायचा, मग शिकणाऱ्या पेशी कामाला लागणार. २००८ मध्ये तुरटीच्या वंशातल्या या कणांनी पेशीतला नेमका कोणता भोंगा वाजतो, तेही सापडल्यासारखं झालं. एनएलआरपी३ त्याचं नाव. गाऊटमधल्या युरिक आम्लाच्या स्फटिकांनी वाजतो तोच. कण गिळणाऱ्या पेशीच्या आतली पिशवी फुटते आणि ही यंत्रणा जागी होते, असं चित्र उभं राहिलं. लगेच दुसऱ्या प्रयोगशाळांनी तो भोंगा नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यातही लस लागू पडली. वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो मिटलेला नाही हेच आवडलं.

कण गिळणारी पेशी पहिल्यांदा हेरली ती मेचनिकॉफनी, मेसिनात, ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून. त्यांचाच विद्यार्थी हाफकिन पुढे मुंबईत आला आणि भायखळ्यात बनवलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखलं. तेव्हापासून हा व्यवहार बदललेला नाही.

खरी गंमत पुढे आहे. लस उन्हानं खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ही लस थंडीनं मरते. गोठली की बर्फाचे स्फटिक त्या सैल पुंजक्यांना दाबून ढेकळं करतात. वितळल्यावर बाटली वरवर तशीच दिसते, गुण मात्र गेलेला. उष्णता लागली तर बाटलीवरचा छोटा चौकोन गडद होतो. गोठल्याची खूण उमटत नाही.

सिस्टरांनी शिकवण्यासाठी बाजूला ठेवलेल्या दोन बाटल्या आणल्या, एकाच बॅचच्या; एक मुद्दाम गोठवून वितळवलेली. दोन्ही एका मुठीत धरून खुळखुळवल्या आणि टेबलावर ठेवल्या. पहिली मिनिटं काही कळेना. मग गोठवलेलीत बारीक कणी दिसू लागली, वरचं पाणी निवळायला लागलं, तळाशी पांढरा थर धरला. शेजारची अजून ताकासारखी. या चाचणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात तिची तपासणी छापून आली, सूक्ष्मदर्शकाशी पडताळून. गोठलेली एकही बाटली तिच्या नजरेतून सुटली नव्हती. मी अर्धा तास त्या दोन बाटल्यांकडे बघत बसले होते. चहा निवला.

लस गोठते कुठे? डहाणूचा मे महिना आठवला की हा प्रश्न खुळ्यासारखा वाटतो. पण पाड्यावर न्यायच्या पेटीत डीप फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक थेट भरले, की त्यांना टेकलेली बाटली गोठू शकते. म्हणून ते आधी बाहेर मांडून ठेवायचे आणि कानाशी हलवून आत पाण्याची खुळखुळ ऐकू आल्यावरच भरायचे. जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आशाताईचे फोन, अशा वेळी दगडासारखा आईसपॅक कानाशी धरून "अजून नाही" म्हणायला किती धीर लागतो, ते मी पाहिलं. पुण्यात बनलेल्या एमआरएनए लशीचे नवे नॅनोकण सुकवून याच २ ते ८ अंशांत ठेवता येतात म्हणे. सिस्टरांना त्याचं कौतुक वाटलं, पण फार नाही. पेटी हीच आणि रस्ता हाच, म्हणाल्या.

आणि मांडी सुजते. पाड्यावरच्या अंगणवाडीत एक आजी नातवाला घेऊन दाराशीच थांबली होती. पहिल्या डोसाला पोर दोन रात्री तापलं, डाव्या मांडीला गाठ आली, आणि घरात बोलणी सुनेला बसली. चांगलं पोर आजारी का पाडता, हा तिचा सवाल जेनवेंच्या सवालापेक्षा सोपा नव्हता. सिस्टर खाली बसल्या, पोराची मांडी दाबून पाहिली, गाठ विरली होती. "आजी, अंगात चोर शिरला तर कुत्रा भुंकतोच की. आम्ही चोराचं सोंग आत सोडतो, म्हणून भुंकतो." आजी हसली नाही. तापाच्या गोळीचा चौथा हिस्सा कसा करायचा, तेवढं तिनं दोनदा विचारून घेतलं, आणि पोराला पुढे केलं.

तिसऱ्या डोसाची तारीख चार आठवड्यांनंतरची. दिवाळी होऊन गेली होती. या तालुक्यांतले पुरुष खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात, घरंच्या घरं वीटभट्टीवर. सिस्टरांच्या वहीत नावांसमोर भट्टीच्या गावांची नावं होती: वसई, भिवंडी, वापी. तिथल्या सिस्टरला फोन लावायचा, कार्ड सोबत ठेवायला सांगायचं, आणि तरी काही नावं पावसाळ्यापर्यंत तशीच राहतात. तोवर डोस हुकलेले असतात.

सुई टोचली, पोर किंचाळलं. सिस्टरांनी कार्डावर तारीख घातली आणि पेन तसंच धरून विचारलं, "कुठल्या भट्टीवर?"

आजीला गाव माहीत नव्हतं. मुकादमाचा ट्रक रविवारी येणार होता. तो नेईल तिथं जायचं होतं. वहीतली ती ओळ मोकळी राहिली.