टिकाऊ म्हणजे काय?

‘शाश्वत’ हा शब्द पूर्वी आत्म्याला लावीत असत. हल्ली तो विकासाला, शेतीला, इतकेच काय, कापडालाही लावतात. आमच्या हसनाबादकडच्या विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ विचारला, की उत्तर ठरलेले : झाडे लावणे आणि पाणी अडवणे. ज्या जालना जिल्ह्यात 1972 चा दुष्काळ आजोबांनी भोगला आणि 2012-13 चा वडिलांनी, तिथल्या मुलांना दुसरे काय सुचणार? उत्तर खरे आहे. पण ते अर्धे आहे.

‘शाश्वत विकास’ ही कल्पना जगभर पोचली ती 1987 साली, ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची वाट अडवू नये, हे त्यातले सूत्र सर्वांना पाठ आहे. पण गरिबांच्या गरजा आधी, असेही त्याच अहवालाने सांगितले होते, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 साली 17 उद्दिष्टे ठरवली. त्यांत रान आणि समुद्र यांच्या जोडीला दारिद्र्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समता आणि न्यायही आहे.

हे फार दूरचे वाटते ना? मग अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात चला आणि पश्चिमेला धुळ्याकडे, पांझरेच्या काठी या. तिथली फड पद्धत काही शतकांची जुनी आहे. नदीला दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे जागल्याचे. पाटातला गाळ मात्र ज्याने त्याने आपल्या जमिनीच्या प्रमाणात काढायचा.

यातली खरी मेख पुढेच आहे. शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असे. पाणी कमी असले, की एखादा फड कोरडा ठेवायचे सर्वांनी मिळून ठरवायचे. तोटा झाला तरी तो एकाच्याच माथी बसत नसे, आणि म्हणून चोरून पाट फोडण्याची बुद्धीही सहसा होत नसे. दगड-चुन्याचा बंधारा इतकी वर्षे उभा राहिला, तो या वाटणीच्या भरवशावर.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याचे पाणी त्याचे झाले आणि कित्येक ठिकाणी फड मोडले. नदी होती, जमीन होती. एकमेकांची गरज तेवढी संपली. महाराष्ट्राने 2005 साली पाणी वापर संस्थांसाठी कायदा केला. कायद्याने संस्था उभी राहते. पण गाळ काढायला फावडे घेऊन जाण्याची सवय गावालाच लावून घ्यावी लागते.

आमच्या भागातही बंधारे होतात, शेततळी होतात. उद्घाटनाला गर्दी असते. तिसऱ्या वर्षी गाळ कोण काढणार, टंचाईत आधी पाणी कोणाला, ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला काय, हे प्रश्न मात्र फलकावर लिहिलेले नसतात. आणि त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर पाणी अडेल. पण ते वापरायला गावात राहिलेली माणसे उद्या शोधावी लागतील.