नोंदणीचा आकडा म्हणजे मागणी नव्हे

समजा, तुम्हाला मर्यादित उत्पादनाच्या बाजारावर संशोधन करायचंय. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलची ग्रेट ईस्टर्न कटलरी बघा. 2006 साली सुरू झालेली ही कंपनी जुन्या धाटणीचे, खिशात मावणारे घडीचे चाकू छोट्या खेपांत बनवते. ते ग्राहकापर्यंत मुख्यतः विक्रेत्यांमार्फत पोचतात. प्रत्येक विक्रेत्याच्या वाट्याला मोजकेच येतात, म्हणून काहीजण आगाऊ नोंदणी घेतात.

आता गंमत बघा. आपल्याला मिळेल की नाही, अशी धाकधूक असलेल्या एका ग्राहकाने तीन विक्रेत्यांकडे नाव नोंदवलं. एक चाकू मिळाला की उरलेल्या दोन नोंदण्या रद्द! तुमच्या तक्त्यात मागण्या तीन, प्रत्यक्षात माणूस एकच. विक्रेताही कमीच मिळणार हे धरून कारखान्याकडे जास्त मागू शकतो. ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी 1997 मध्ये 'बुलव्हिप इफेक्ट'ची, म्हणजे पुरवठा साखळीत वर जाताना मागणीतले चढउतार वाढत जाण्याची, जी चार कारणं मांडली, त्यातलं हे एक.

म्हणून आधी विचारा: नोंदणीला पैसे घेतले होते का? रद्द किती झाल्या? हे माहीत नसेल, तर प्रबंधात 'मागणी' लिहू नका, 'नोंदणी' लिहा.