सोफा नवा, पोट बिघडलेलं

नवा सोफा आला, जुनी चादर धुतली गेली आणि आमची मनी दोन दिवस पलंगाखालून हलेना. पायपुसण्यावर पातळ शी. काही बाधलं म्हणावं, तर खाणं तेच होतं. बदललं होतं घर. मांजर गाल घासून वस्तूंवर आपला वास ठेवतं. तो पुसला की ओळखीची जागा परकी होते आणि मांजराला ताण येतो. ताणाची संप्रेरकं जठराला मंद करतात, मोठ्या आतड्याला घाई करतात. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०११ मधल्या अभ्यासात रोजचा क्रम मोडल्यावर निरोगी मांजरांनाही उलट्या झाल्या. म्हणून मांजराची गोधडी न धुता नव्या सोफ्यावर टाका. मात्र दिवसभर घास घेतला नाही, तर लगेच डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, ते जिवावर बेततं.