ऐतिहासिक बागांची क्षेत्रभेट : नेमकं शिकायचं काय?



उद्यानविद्या शिकणारी मुलं अभ्यासदौऱ्यासाठी इटलीला किंवा इंग्लंडला जातात असं सांगितलं, की समोरून हमखास प्रश्न येतो, "बागकाम शिकायला एवढ्या लांब कशाला? झाडं काय इथे नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता आपल्या शाळेच्या सहलीकडे बघण्याची एक वेगळी दृष्टी मिळते, म्हणून आजचा हा लेख.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. युरोपात उद्यानविद्या हे रीतसर शिक्षण आहे. ब्रिटनमधली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी तर माळीकाम करणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना अशा दौऱ्यांसाठी आर्थिक मदतसुद्धा देते. असे विद्यार्थी बागेत 'फिरायला' जात नाहीत. त्यांची ती क्षेत्रभेट असते. इटलीतल्या तीन बागांची उदाहरणं घेऊन बघू, तिथे शिकण्यासारखं काय आहे.

१) पादुआ : वनस्पती ओळखायला शिकवणारी बाग

उत्तर इटलीतल्या पादुआ शहरात विद्यापीठाची वनस्पती बाग आहे. स्थापना 1545 सालची. आजही ती मूळ जागेवरच आहे. 1997 मध्ये तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

ही बाग शोभेसाठी केलेली नव्हती. त्या काळी औषधं मुख्यतः वनस्पतींपासून बनत. एकीच्या जागी दुसरी वनस्पती वापरली गेली, तर रोग्याच्या जिवावर बेतायचं. म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी वनस्पती डोळ्यांनी बघता यावी, यासाठी फ्रान्चेस्को बोनाफेदे या प्राध्यापकांनी बागेचा आग्रह धरला. साधारण याच काळात आपल्या शेजारी गोव्यात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य भारतातल्या औषधी वनस्पतींचा अभ्यास करत होता. त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. म्हणजे कोणती वनस्पती कोणती, हे पक्कं कळण्याची गरज दोन्हीकडे होती.

पादुआच्या बागेभोवती गोल भिंत आहे. ती का बांधली माहितीये? रोपं चोरीला जायची म्हणून! शाळेच्या परसबागेला कुंपण घातलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे वाचून बरं वाटेल.

1645 मध्ये जॉन एव्हलिन नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज तरुण इथे आला. विद्यापीठात त्याने शरीररचनेची व्याख्यानं ऐकली. बागेतल्या माळ्याची परवानगी घेऊन त्याने वनस्पतींचे नमुने गोळा केले आणि ते वाळवून त्यांची वही केली. पुढे 1664 मध्ये त्याने झाडांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण मुलांकडून करून घेतो ती 'पानांची वही' किती जुनी परंपरा आहे, बघा.

त्यानंतर 1786 मध्ये आला जर्मन कवी गटे. बागेत 1585 साली लावलेलं एक पाम वर्गातलं झाड आहे. त्या झाडाची पानं त्याने खालून वरपर्यंत बारकाईने पाहिली. खालची साधी, वरची हळूहळू चिरत गेलेली. पान कसं बदलत जातं, या विचाराला तिथे चालना मिळाली आणि 1790 मध्ये त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर निबंध लिहिला. ते झाड आजही आहे. हजारो लोकांनी ते पाहिलं असेल, पण गटेने एकाच झाडापाशी थांबून त्याचं निरीक्षण केलं.

२) तिवोली : पंपाशिवाय उडणारी कारंजी

रोमजवळ तिवोली इथे व्हिला देस्ते नावाची बाग आहे. कार्डिनल इप्पोलितो देस्ते 1550 मध्ये तिथला राज्यपाल झाला आणि त्याने टेकडीच्या उतारावर ही बाग करवून घेतली. आराखडा पिर्रो लिगोरियोचा. आनिएने नदीचं पाणी गावाखालून खोदलेल्या कालव्याने बागेत आणलं. शेकडो धारा आणि कारंजी, पण पंप एकही नाही!

हे कसं जमलं? आपण पाण्याची टाकी गच्चीवर ठेवतो ना, तेच तत्त्व. पाणी जितक्या उंचीवरून येईल, तितका खाली दाब जास्त. मात्र नळातून येताना घर्षणात थोडा जोर जातो, त्यामुळे कारंजं मूळ पाण्याच्या पातळीपेक्षा थोडं कमीच उंच उडतं. तिथलं एक कारंजं तर बाजाच्या पेटीसारखं वाजतं. पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा ओढून नेतं आणि कोंडलेली ती हवा नळ्यांमधून सूर काढते.

वर्गात हे दाखवायला प्लास्टिकची एक बाटली पुरते. वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडा, पाणी भरा आणि कोणती धार सर्वांत जोरात येते ते मुलांना बघू द्या.

उद्यानविद्येचा विद्यार्थी कारंज्याचा फोटो काढून थांबत नाही. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, गाळ कोण काढतं, हे तो विचारतो. कारण गाळ साचला की कारंजं बंद पडणार.

३) कास्तेल्लो : एका माळ्याची नजर

फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लोला मेदिची घराण्याची बाग आहे. तिथे लिंबूवर्गीय झाडं मातीच्या मोठमोठ्या कुंड्यांत वाढवतात. अशा शेकडो कुंड्या आहेत. लिंबाला कडाक्याची थंडी सोसत नाही, म्हणून हिवाळ्याआधी सगळ्या कुंड्या एका मोठ्या दालनात हलवतात आणि वसंतात पुन्हा बाहेर काढतात. दरवर्षी हेच.

इथलं एक झाड फार गमतीचं आहे. 1644 मध्ये फ्लॉरेन्सला एका कलमाच्या सांध्यातून असा कोंब फुटला, की त्याच्या फळात आंबट संत्रं आणि महाळुंग यांचं मिश्रण दिसू लागलं. दोन्ही झाडांच्या पेशी एकाच फांदीत शेजारी शेजारी वाढत होत्या. त्याला 'बिझारिया' म्हणतात. पुढे ही जात नष्ट झाली असंच लोक समजत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कास्तेल्लोच्या मुख्य माळ्याला ती पुन्हा सापडली. रोज झाडांत वावरणाऱ्या माणसाला वेगळं पान चटकन दिसतं. ही नजर पुस्तकातून येत नाही, अशा माणसाच्या बरोबरीने काम करूनच येते. "एवढ्या लांब कशाला?" या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हेच.

बाग म्हणजे जिवंत स्मारक

किल्ल्याची भिंत शंभर वर्षं तशीच उभी राहू शकते. बागेचं तसं नाही. एक वर्ष छाटणी केली नाही, तरी तिचा आकार मोडायला लागतो. ऐतिहासिक बागांबद्दल 1981 मध्ये फ्लॉरेन्स इथे एक आंतरराष्ट्रीय सनद तयार झाली. अशी बाग हे स्मारकच आहे, पण ते जिवंत आहे आणि त्याची देखभाल अखंड चालू ठेवावी लागते, अशी तिची भूमिका आहे.

यातून अवघड प्रश्न उभे राहतात. युरोपातल्या जुन्या बागांमध्ये वाफ्यांच्या कडेला बॉक्सवूड या बारीक पानांच्या झुडपाची कातरलेली कुंपणं असतात. 2007 च्या सुमारास पूर्व आशियातून आलेला एक पतंग युरोपात आढळला. त्याच्या अळ्या बॉक्सवूड फस्त करतात. मग काय करायचं? इतिहास जपायला तेच झुडूप पुन्हा पुन्हा लावायचं, की तसंच दिसणारं दुसरं लावायचं? फवारणी केली तर बाकीच्या कीटकांचं काय? याला एकच बरोबर उत्तर नाही. प्रत्येक बागेतले माळी आपापल्या परीने निर्णय घेतात, आणि तो निर्णय कसा घेतला हे समजून घेणं हाच विद्यार्थ्याचा अभ्यास असतो.

आपल्या शाळेसाठी

आपल्याला इटलीला जायची गरज नाही. तालुक्याची रोपवाटिका, जवळची सार्वजनिक बाग किंवा एखाद्या पालकांचा मळाही चालेल. फक्त एवढं करून बघा :

• एका भेटीत एकच ठिकाण आणि एकच मुख्य प्रश्न. उदा. "इथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?"
• प्रत्येक गटाला एकच झाड द्या. पंधरा मिनिटं तिथेच थांबून मुलं खालून वर चित्र काढतील.
• माळीकाकांची किंवा मावशींची मुलाखत मुलांनीच घ्यावी. "या आठवड्यात तुम्ही काय केलं? ते केलं नसतं तर काय झालं असतं?"
• पानं तोडायची नाहीत. खाली पडलेली गोळा करून वही करायची.
• दोन-तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा जा. काय बदललं ते जुन्या नोंदीशी ताडून बघा.

पालकांना एक विनंती. अभ्यास केला नाही की आपण सहज बोलून जातो, "मग बस आयुष्यभर खुरपं घेऊन!" वर्गात अशीही मुलं असतात, ज्यांचे आईवडील खुरपं घेऊनच घर चालवतात. त्यांना कलम बांधता येतं आणि पानाच्या रंगावरून रोग ओळखता येतो. या ज्ञानासाठी लोक परदेशात दौरे करतात आणि आपण त्याचीच मुलांना भीती घालतो. पुढच्या क्षेत्रभेटीला अशाच एखाद्या पालकाला तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलवा. आपल्या आईला किंवा बाबांना सगळा वर्ग प्रश्न विचारतोय, हे त्या मुलालाही बघू द्या.