विमानतळाचे नाव



आपल्या गावाचे नाव आगगाडीने पाडलेले आहे. देहू इंद्रायणीकाठी, तिकडची वाट ज्या स्टेशनापासून फुटते ते देहूरोड. म्हणजे आपल्या नावातच दुसऱ्या गावाची वाट आहे. नावाने वाट दाखवावी, एवढेच आज मला सांगायचे आहे.

2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुण्याच्या लोहगाव विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. अशा बाबतीत राज्य शिफारस करते, अखेरचा निर्णय केंद्राचा असतो. लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. तेव्हा हे नाव बाहेरून आणलेले नव्हे. शिवाय तुकोबांना वैकुंठी नेणाऱ्या विमानाची कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

असेच एक घरचे नाव सातासमुद्रापलीकडे आहे. हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटावर कोना नावाचा भाग आहे. तेथे 1801 साली ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकावर विमानतळ बांधला, तो 1970 मध्ये सुरू झाला. 2017 पासून त्याला एलिसन ओनिझुका यांचे नाव आहे. ओनिझुका 1946 साली कोनातच जन्मले. त्यांचे आजी-आजोबा जपानातून मळ्यावर मजुरीसाठी आलेले. हा मजुरांचा नातू अंतराळवीर झाला, 1985 मध्ये अंतराळात जाऊन परत आला. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटले, त्यात ते आणि त्यांचे सहा सहकारी गेले.

यान का फुटले, हे कामगारांनी नीट समजून घ्यावे. यानाला लावलेले मोठे अग्निबाण तुकडे जोडून केलेले होते. सांध्यांतून तप्त वायू निसटू नये म्हणून रबराची कडी बसविलेली होती. आपण कारखान्यात त्यांना ओ-रिंग म्हणतो. थंडीत रबर ताठरते, सांधा चटकन बंद होत नाही. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते, की तपमान सुमारे 12 अंशांच्या खाली असेल तर उडवू नका. सकाळी ते 2 अंशांच्या आसपास होते. परंतु वरिष्ठांनी अभियंत्यांचा सल्ला बाजूला सारला, आणि व्हायचे तेच झाले.

ही गोष्ट मला परकी वाटत नाही. आपल्या पट्ट्यातल्याच एका कारखान्यात पॉवर प्रेसचा सेन्सर बंद पडल्याचे एका ऑपरेटरने दोनदा सांगितले. उत्तर मिळाले, ‘एवढा लॉट निघू दे.’ लॉट निघाला. त्याच पाळीत त्याची दोन बोटे गेली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो मला एवढेच म्हणाला, ‘साहेब, मी सांगितलं होतं हो.’ शाळा मी अर्ध्यावर सोडली. पुढचे शिक्षण अशाच वाक्यांनी केले.

आता तुकोबांकडे वळू. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला, आपल्या वाट्याच्या कागदांवर पाणी सोडले. येणे वसूल करण्यापेक्षा देणेकऱ्याचा जीव मोठा, हा त्याचा सरळ अर्थ.

अशा माणसाचे नाव घेतले की जबाबदारी येते. विमानतळावर सामान चढविणारे, फरशा पुसणारे, धावपट्टीच्या कडेचे गवत कापणारे कितीतरी हात असतात, आणि त्यांतले बरेचसे ठेकेदाराकडचे. नामकरणाचा समारंभ जरूर व्हावा, मीही टाळी वाजवीन. परंतु त्याच दिवशी त्यांच्यापैकी एकाला विचारावे : ‘बाबा, काही धोकादायक दिसले तर तू काम थांबवू शकतोस का? आणि थांबविलेस तर उद्या तुला कामावर घेतात का?’ दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर पाटीवरचे नाव योग्य जागी लागले असे मी समजेन.