हवेतील धूलिकण, हृदय आणि आपले ताट

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली आणि पूर्व उपनगरांवर कित्येक दिवस धुराचा पडदा राहिला. परिसरातील शाळांना सुट्टी द्यावी लागली. अशा वेळी खोकला आणि दमा यांची चिंता सर्वांनाच वाटते. हृदयाचा विचार मात्र सहसा मनात येत नाही. वस्तुतः प्रदूषित हवेमुळे ओढवणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार व पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे.

यास कारणीभूत होणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत. २.५ मायक्रॉन वा त्याहून लहान असलेला कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. तो नाक-घशाची गाळणी चुकवून फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतो. शरीराच्या रक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात. त्या झटापटीत दाह निर्माण होतो आणि ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे अस्थिर रेणू वाढतात. लोखंडास गंज चढावा तसे हे रेणू पेशींना झिजवितात. रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते. त्याचाच हे रेणू नाश करतात. मग वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, कोलेस्टेरॉलचे थर वाढतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. अतिसूक्ष्म कण तर थेट रक्तात उतरू शकतात.

समुद्रकाठची मुंबई पूर्वी स्वतःस सुरक्षित समजत असे. परंतु हिवाळ्यात खारे वारे मंदावतात आणि बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर जमिनीलगतच साचून राहतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ४०. म्हणजे आपल्या मापाने ‘समाधानकारक’ ठरलेली हवाही हृदयास निर्धोक असेलच असे नाही. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचा शेजार आहे खरा, पण महामार्गालगत राहणाऱ्यास त्याचा आधार थोडाच! रिक्षाचालक, सफाई कामगार, बांधकाम मजूर यांना तर हवा निवडताच येत नाही.

मग आहाराचा उपयोग काय? अमेरिकेत सुमारे साडेपाच लाख लोकांचा सतरा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे यांवर भर देणाऱ्यांमध्ये सूक्ष्म कणांमुळे वाढणारा हृदयमृत्यूचा धोका इतरांपेक्षा बराच कमी आढळला. कमी, शून्य नव्हे. असा आहार घेणारे इतर बाबतींतही जपून राहत असतील, हेही ध्यानात ठेवावे.

हे ऐकून औषधाच्या दुकानातून ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. जीवनसत्त्व ई व क यांच्या गोळ्यांनी हृदयविकार टळतो का, हे हजारो रुग्णांवर तपासले गेले. लाभ दिसला नाही. फिनलंडमध्ये तर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्ये आढळले. अख्ख्या अन्नात असंख्य घटक एकमेकांच्या साथीने काम करतात. ती सांगड बाटलीत भरता येत नाही.

आणि ते अन्न महागडे नाही. आवळा व पेरू यांत संत्र्याहून कितीतरी पट अधिक जीवनसत्त्व क असते. स्टेशनाबाहेरचा पेरू अवश्य घ्यावा, त्यावरचे तिखटमीठ मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी नाकारावे. शेवग्याचा पाला, माठ, मेथी यांतील कॅरोटिन थोड्या तेलाच्या फोडणीमुळे अंगी लागते. लिंबू आमटी उतरविल्यावर पिळावे, कारण उकळण्याने जीवनसत्त्व क घटते. मूठभर शेंगदाण्यांत जीवनसत्त्व ई मिळते. बांगडा व तारली यांतील तेल हृदयास हितकर आहे, फक्त ते मासे तळून काढू नयेत. वसतिगृहात असताना ताटातली हीच पालेभाजी शेजाऱ्याकडे सरकविण्याच्या युक्त्या आपल्यापैकी अनेकांनी केल्या असतील!

रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी बदलू नये, डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या गोळ्या आवळा सुरू केला म्हणून थांबवू नयेत. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम अशी लक्षणे दिसताच पित्त समजून घरी थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे. हिवाळ्यात धुरकट सकाळी महामार्गाच्या कडेने फिरणे टाळून आतल्या गल्लीत वा बागेत, ऊन चढल्यावर फिरावे. आणि रात्री खिडक्या बंद करून डासांची कॉइल किंवा अगरबत्ती जाळत ठेवू नये. तेच सूक्ष्म कण, तेही झोपलेल्या मुलांच्या उशाशी.