पातळ स्लॅबला जाड सळई कशाला?

चेन्नईतल्या घरांत माळा, खिडकीवरचा छज्जा, गटाराचं झाकण अशा जागी जेमतेम ५० मिलिमीटर जाडीचे स्लॅब ओतले जातात, आणि त्यांना भेग गेली की लोखंड कमी पडलं असं सगळे म्हणतात. मला हे निदान चुकीचं वाटतं. अशा स्लॅबमध्ये लोखंड बहुधा पुरेसं असतं, पण ते जाड आणि विरळ असतं. काँक्रीट वाळताना आक्रसतं. आयएस ४५६ या मानकानुसार हे आक्रसणं ढोबळमानानं ०.०००३, म्हणजे ४ मीटर लांबीला १.२ मिलिमीटर. दोन्ही टोकं भिंतीत अडकलेली असली की एवढी तूट भेगेवाटे निघणारच. लोखंड ती थांबवत नाही, वाटून देतं. एकाच जागी निघाली तर मिलिमीटरभर रुंद भेग पडते आणि पावसाळ्यात तिथूनच गळती सुरू होते. तीच वीस जागी विभागली तर प्रत्येक भेग ०.०६ मिलिमीटरची. मानकाची सर्वसाधारण मर्यादा ०.३ आहे, सतत ओलीत राहणाऱ्या भागासाठी ०.२.

ही वाटणी वजनावर होत नाही, लोखंडाचा किती पृष्ठभाग काँक्रीटला धरून आहे त्यावर होते. ५० मिलिमीटरच्या स्लॅबला मानकाप्रमाणे किमान ०.१२ टक्के लोखंड, म्हणजे मीटरभर रुंदीत ६० चौरस मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या सळईनं हा हिशेब भागवला तर दोन सळयांत ८४ सेंटिमीटर अंतर पडेल. इतकं अंतर मानक अर्थातच चालू देत नाही. तेवढंच लोखंड २ मिलिमीटरच्या तारेत घेतलं तर दर ५ सेंटिमीटरला एक तार येते आणि पकडीचा पृष्ठभाग चौपट होतो. शिवाय आडव्याउभ्या सळया एकमेकींवर बसल्या की १६ मिलिमीटर तिथेच गेले. ओततेवेळी त्यांच्यावर पाय पडतो, कव्हर ब्लॉक निसटतात, सळई सेंट्रिंगच्या फळीला टेकते आणि स्लॅबचा वरचा भाग लोखंडाविना राहतो. बारीक तारांच्या जाळ्या वापरणाऱ्या फेरोसिमेंटमध्ये असं होत नाही. तिथे जाळ्यांचे थर तारेनं बांधून बारीक वाळूचा मसाला थापीनं दाबतात, पलीकडच्या चौकटींतून तो बाहेर डोकावेपर्यंत. तरमणीच्या सीएसआयआर-एसईआरसी या संस्थेत या तंत्रावर अनेक वर्षं काम झालं आहे, आणि फेरोसिमेंटच्या तयार पाण्याच्या टाक्यांसाठी १९९२ पासून आयएस १३३५६ हे मानकही आहे.

खाऱ्या वाऱ्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे. समुद्रवारा थेट लागणाऱ्या काँक्रीटला मानक किमान ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रीटचा थर, मागतं, आणि इथे जाळीवर मसाला जेमतेम ५ मिलिमीटर. बारीक तारेला गंज लागला तर ती लवकर तुटते, हेही खरं. पण ५० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये ४५चं कव्हर सळईलाही मिळत नाही. उपाय घट्ट, कमी पाण्याचा मसाला आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी. अगदी किनाऱ्यावर अल्कली सोसणाऱ्या काचतंतूंचं कापड, कारण ते गंजतच नाही. या कापडी काँक्रीटवरही एसईआरसीत संशोधन झालं आहे. मजुरी वाढते हे मान्य, पण छज्जा फोडून पुन्हा ओतण्याइतकी नाही.

एका भेगेपुढे मात्र जाळीचाही फारसा उपयोग नाही. मे महिन्यात वारा सुटलेला असताना ओतलेल्या स्लॅबचं पाणी पहिल्या काही तासांतच उडतं. काँक्रीटनं अजून तार धरलेलीच नसते, तोवर पृष्ठभाग फाटतो. तिथे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू थोडी मदत करतात. तरी ऊन उतरल्यावर ओतणं, पृष्ठभागाची चमक जाताच प्लास्टिक अंथरणं आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर किमान दहा दिवस गोणपाट ओलं ठेवणं, हे कोणत्याही जाळीच्या आधी यायला हवं.